आधी खुडूक कोंबडी

कोंबडीपालनावरचं कुठलंही पत्रक उघडा, दुसऱ्या-तिसऱ्या पानावर एक तक्ता असतोच. डावीकडे जातीचं नाव, उजवीकडे वर्षाची अंडी. गावठी ४० ते ८०. कडकनाथ ८० ते १००. वनराजा १०० ते ११०. ग्रामप्रिया परसात १६० ते १८०. आणि या सगळ्यांना मान खाली घालायला लावणारी व्हाइट लेगहॉर्न, ३०० किंवा त्याहून जास्त. तक्ता खोटा नसतो. पण तो बघून ज्यांनी मालवण तालुक्यातल्या आपल्या परड्यात कोंबड्या आणल्या, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं खुराडं दोन पावसाळ्यांनंतर रिकामं दिसतं. काही रोगानं गेल्या, काही मुंगसानं नेल्या, उरलेल्या म्हाताऱ्या झाल्या आणि कापल्या. गेलेल्यांच्या जागी नव्या मात्र आल्या नाहीत. तक्त्यात एक रकाना कमी होता. कोंबडी खुडूक बसते की नाही, हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

हे पुस्तक त्या रकान्यापासून सुरू होतं. परसातला कळप मिश्र असावा, हे आता सगळेच सांगतात आणि ते बरोबर आहे. पण काय काय मिसळायचं हे अंड्यांच्या आकड्यांवरून ठरवू नये. आधी खुडूक बसणाऱ्या तीन-चार गावठी कोंबड्या धराव्यात आणि बाकीचा कळप त्यांच्या अवतीभवती जमवावा, एवढंच मला सांगायचं आहे. पुढची प्रकरणं म्हणजे त्याचा तपशील.

गावठी कोंबडी दहा-बारा, फार झाली तर पंधरा अंडी घालते आणि थांबते. मग ती जागेवरून उठेनाशी होते. हात नेला की पिसं फुलवून चोच मारते, घशातल्या घशात कुरकुरते, दिवसातून एकदा उतरून घाईघाईनं चार दाणे टिपते, भलीमोठी शीट टाकते आणि परत जाऊन बसते. पोटाखालची पिसं झडून कातडी उघडी पडते, म्हणजे अंगाची ऊब थेट अंड्याला लागते. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून सुटणाऱ्या प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाचा हा सगळा खेळ. एकवीस दिवस उबवण, मग दोन-अडीच महिने पिल्लं घेऊन हिंडणं. तेवढ्या काळात अंडं नाही. वर्षात असे तीन फेरे झाले की चाळीस-पंचेचाळीस अंडी होतात. पिल्लं लवकर तोडली किंवा खुडूक मोडली तर आकडा ऐंशीपर्यंत चढतो. तक्त्यातला गावठीचा तो लाजिरवाणा आकडा असा तयार होतो. तिची रजा त्यात नेमकी कापलेली असते, पण रजेत तिनं काय केलं ते कुठेच मांडलेलं नसतं.

कारखान्याला हा स्वभाव परवडणारा नव्हता. गेल्या शतकात जगभर निवड करून करून अंड्यांवरच्या कोंबड्यांमधून खुडूकपणा काढून टाकला गेला. भारतात हे पर्व ज्यांच्या नावाशी जोडलं जातं त्या डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. तिचा कारभार पुढे पुण्यातून चालू लागला आणि १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकारानं अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती उभी राहिली. अंडं खेडोपाडी स्वस्त मिळू लागलं, ते या कामामुळे. त्याबद्दल नाक मुरडण्याचं कारण नाही. मालवणच्या बाजारपेठेतल्या कुठल्याही किराणा दुकानातला अंड्यांचा ट्रे घाटावरून येतो आणि आपण तो आनंदानं घेतो. पण त्या व्यवस्थेतली कोंबडी एकटी पुरी नसते. तिच्या मागे उबवणी यंत्र असतं, यंत्रामागे वीज असते, विजेमागे जनरेटर असतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगत सरकून गेलं, तेव्हा देवगड-मालवण-वेंगुर्ल्याच्या कित्येक वाड्या दिवसेंदिवस अंधारात होत्या. घरगुती उबवणी यंत्रात अठराव्या दिवसावर आलेली अंडी असतील, तर त्यांचं काय होतं हे सांगायला नको. खुडूक कोंबडीला वादळात हवं असतं ते एक कोरडं टोपलं.

मूळची ही रानातली सवय. घरगुती कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. तिच्या पाळीवपणाचा सगळ्यात जुना खात्रीचा पुरावा सध्या थायलंडमधल्या बान नॉन वाट इथला धरतात, इसवी सन पूर्व १६५० ते १२५० च्या दरम्यानचा. भाताच्या आणि तृणधान्याच्या शेतीनं रानकोंबडे माणसाजवळ ओढले गेले, असा २०२२ मधल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष आहे. मळणीनंतर खळ्यात सांडलेलं भात टिपणाऱ्या कोंबड्या ज्यांनी रोज पाहिल्यात, त्यांना यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे मात्र तांबडा नाही, राखी रानकोंबडा आहे; आंबोलीच्या, फोंडाघाटाच्या रानात पहाटे त्याची तुटक बांग ऐकू येते. परसातल्या कोंबडीचे पिवळे पाय या राखी रानकोंबड्याकडून आले, हे २००८ मध्ये जनुकांवरून सिद्ध झालं. म्हणजे जगातल्या यच्चयावत पिवळ्या पायांच्या कोंबड्यांमध्ये थोडा दक्षिण भारत आहे. याचा पाळणाऱ्याला व्यवहारात काही उपयोग नाही; मला सांगायला आवडतं म्हणून सांगितलं.

आता निवडीकडे. दहा-पंधरा पक्ष्यांच्या घरगुती कळपात माझ्या मते तीन-चार गावठी माद्या हव्यात, त्याही पारखून घेतलेल्या: एकदा तरी पिल्लं वाढवून दाखवलेल्या. सगळ्याच गावठी चांगल्या बसत नाहीत. काही आठव्या दिवशी कंटाळून उठतात, काही आपलीच अंडी फोडतात, काही पिल्लं काढतात पण घार आली तर आधी स्वतः पळतात. चांगल्या आईची तलंग शक्यतो विकू नये. दारात आलेला माणूस नेमकी तीच मागतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

अंड्यांसाठी म्हणून तीन-चार सुधारित माद्या घ्याव्यात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं तयार केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळूरच्या हेब्बाळ इथली गिरिराज, बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या संस्थेच्या कॅरी निर्भीक आणि कॅरी श्यामा, आणि आपल्याकडे सरकारी केंद्रांतून फार वर्षं वाटली गेलेली ऱ्होड आयलंड रेड ही नावं कानावर येतील. यांत किनाऱ्यावरच्या परड्याला ग्रामप्रिया मला सगळ्यात सोयीची वाटते. अंगानं बेताची, रंगीत, अंडी भरपूर. वनराजा आणि गिरिराज वजनाला चांगल्या, पण वजन हीच त्यांची अडचण. मुंगूस आलं की गावठी कोंबडी फणसावर चढते. गिरिराज गडग्यापर्यंतसुद्धा पोचत नाही. पांढरी कोंबडी तर उघड्या परड्यात घेऊच नये. घारीला ती झाडांच्या शेंड्यांवरून दिसते.

इथे एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराज या संकरातून तयार केलेल्या आहेत. त्यांची अंडी उबवून निघणारी पिल्लं आईसारखी निघत नाहीत. कुणी लहान, कुणी मोठं, कुणी अंडी देणारं, कुणी नुसतं खाणारं. ऱ्होड आयलंड रेड ही शुद्ध जात, तिची पिल्लं तिच्यासारखी होतात, पण ती स्वतः क्वचितच नीट बसते. म्हणून आमच्याकडचा साधा रिवाज बरा: सुधारितांची अंडी खायची आणि विकायची, गावठीची अंडी रवणीला, म्हणजे उबवायला, ठेवायची. नवे सुधारित पक्षी हवे असतील तर पिल्लंच बाहेरून आणावीत आणि तीही खुडूक कोंबडीच्या पोटाखाली घालावीत.

यातच या पुस्तकातली सगळ्यात कामाची युक्ती आहे. पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत पन्नास टक्के अनुदानावर दोन पर्याय असतात: एक दिवसाची १०० पिल्लं, किंवा आठ-दहा आठवड्यांच्या २५ तलंगा आणि ३ नर. आपल्याला जवळचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र कोल्हापूरचं. शंभर पिल्लं घेतली की पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सियसची ऊब द्यायला दिवे लागतात, मग दर आठवड्याला ती थोडी थोडी उतरवायची, रात्री वीज गेली की उठून धावायचं. सिंधुदुर्गातल्या जूनमध्ये हे करून पाहणाऱ्याच्या धीराला माझा नमस्कार. त्यापेक्षा वाडीतल्या आठ-नऊ घरांनी मिळून पिल्लं आणावीत, आणि एकेका खुडूक कोंबडीखाली दहा-बारा सोडावीत. तिची स्वतःची पिल्लं फुटून एखाद-दुसरा दिवसच झाला असेल, किंवा ती खोट्या अंड्यांवर अडीच-तीन आठवडे बसलेली असेल, तर रात्री अंधारात सरकवलेली परकी पिल्लं ती सकाळी मुकाट आपली मानते. दिवसा, उजेडात हे करू नये. काही कोंबड्या रंग पाहून वेगळी पिल्लं टोचतात. अशी वाढलेली ग्रामप्रियाची पिल्लं घार ओळखतात, पालापाचोळा उकरतात, हाकेला येतात. दिव्याखाली वाढलेल्यांना हे शिकवायला कुणी नसतं.

नराचा विचार लोक सगळ्यात कमी करतात. आठ-दहा माद्यांना एक कोंबा पुरतो. योजनेतही पंचवीसला तीनच देतात. दोन कोंबे ठेवले तर निदान एक म्हातारा असावा, नाहीतर सकाळची शांतता विसरा. गिरिराजसारखा जड नर लहान गावठी माद्यांवर सोडला की त्यांच्या पाठी सोलवटतात. ऱ्होड आयलंड रेडचा मध्यम नर गावठी माद्यांवर दिला तर पहिल्या पिढीत अंग आणि अंडी दोन्ही वाढतात, पण तोच नर पुढच्या पिढीवरही राहिला की खुडूकपणा हळूहळू पातळ होत जातो. म्हणून एका पिढीनंतर परत गावठी कोंबा आणावा. दर दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या वाडीतल्या कुणाशी नर बदलून घ्यावा. बाप-लेकींचं प्रजनन चालू राहिलं की आधी अंडी फुटण्याचं प्रमाण घटतं, आणि दोष कोंबडीच्या माथी मारला जातो.

कडकनाथबद्दल विचारल्याशिवाय कुणी राहत नाही. झाबुआची ही काळ्या मांसाची कोंबडी, तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिच्या मागे माणसं धावली. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथच्या नावानं किती घरांचे पैसे बुडाले, ते वर्तमानपत्रांतून आपण वाचलं आहे. त्याआधी इमूचं असंच झालं होतं. पक्ष्याचा यात दोष नाही. हौसेला एक-दोन कडकनाथ माद्या ठेवायला हरकत नाही, पण ती फारशी खुडूक बसत नाही, आणि कडकनाथ नर कळपात असला की पिल्लांमध्ये काळेपणा उतरतो. कोंबडी-वड्यांसाठी गावठी मागणारं गिऱ्हाईक काळी कातडी पाहून मागे फिरतं. मग ते पिल्लू कडकनाथच्या भावानंही जात नाही आणि गावठीच्याही.

बदकं, टर्की, गिनी कोंबडी यांबद्दल थोडक्यात. बदकाचं अंडं २८ दिवसांनी फुटतं, कोंबडीचं २१. दोन्ही एका रवणीत ठेवायची असतील तर बदकाची आठवडाभर आधी. पण मला बदकं कोंबड्यांच्या खुराड्यात नकोतच. ती पाणी सांडतात, खालची तुसं भिजतात, आणि भिजलेली तुसं म्हणजे पावसाळ्यात रोगाला आमंत्रण. शिवाय कोळंब, कर्लीच्या खाडीत हिवाळ्यात रानबदकं उतरतात. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला सापडला, तो शेडमधल्या कोंबड्यांत. पण खाडीवर चरून घरी येणारं बदक हा धोका परसातच आणून ठेवतं. टर्कीला कोंबड्यांच्या जंतांमार्फत यकृताचा जीवघेणा आजार लागतो, म्हणून त्या दोघांना एका जमिनीवर फिरवू नये. गिनी कोंबडी मात्र ठेवण्यासारखी: गोचीड खाते आणि साप दिसला तर वाडीला उठवते. शेजाऱ्यांशी आपलं किती पटतं ते पाहून ठरवावं.

खाद्याच्या बाबतीत किनाऱ्याइतकी श्रीमंती घाटावर कुठे नाही. भाताचा कोंडा, कणी, नाचणी, खोबऱ्याची पेंड, शेगलाचा पाला हे घरचंच. अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं आणि तेवढं कोंबडीला रोजच्या खाण्यातून मिळावं लागतं. घाटावरचा पाळणारा त्यासाठी शिंपल्यांची भुकटी विकत घेतो. आपल्या दारामागे तिसऱ्यांची, खुब्यांची, कालवांची कवचं ढिगानं पडलेली असतात. ती चुलीत भाजून, जाडसर कुटून वेगळ्या करवंटीत ठेवावीत. अंड्यावरची कोंबडी हवी तेवढी टिपते; खाद्यात मिसळली तर पिल्लांच्या आणि नरांच्याही पोटात जातात, त्यांना ती नको असतात.

रापणीतली बारीक, विकली न जाणारी मासळी शिजवून दिली तर कोंबड्यांना यासारखं प्रथिन नाही. दोन अटी. रोज भरपूर दिली तर अंड्याला मासळीचा वास येतो आणि हॉटेलवाला अंडी परत करतो. दुसरी अट जास्त गंभीर आहे. खारवलेली मासळी कधीही देऊ नये. मीठ कोंबडीच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. खारा बांगडा किंवा मिठातल्या सुक्या मासळीचा चुरा टाकला की त्या पाणी पीत सुटतात, पातळ हगतात, पाय लुळे पडून मरतात. लोक म्हणतात मानमोडीचा रोग आला. साधी उन्हात वाळवलेली सुकट आणि जवळा चालतो, तोही धुऊन. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नेमक्या त्याच दोन महिन्यांत पावसानं किडेमुंगीही कमी मिळते. तेव्हा पेंड, अझोला आणि वाळवी यांवर दिवस काढावे लागतात. ओल्या पोत्याखाली, शेणकाल्याच्या मडक्यात वाळवी कशी धरायची ते खाद्याच्या प्रकरणात आहे.

पाऊस हा आपल्याकडचा खरा परीक्षक. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि बहुतेक चार महिन्यांत. खुराडं जमिनीवर ठेवलं की संपलं. चिऱ्यांच्या खांबांवर कमरेएवढं उंच, तळाला पोफळीच्या किंवा बांबूच्या पट्ट्या बोटभर अंतरानं, वर पत्रा आणि पत्र्यावर झाप, पश्चिमेकडची बाजू बंद, पूर्वेकडची जाळीची. साधी लोखंडी जाळी खाऱ्या हवेत दोन-तीन वर्षांत हातानं तुटते, मग कांडेचोराला दरवाजाची गरज उरत नाही. प्लास्टिकचं आवरण असलेली घ्यावी. घोरपड अंड्यांवर येते, धामण पिल्लांवर, आणि डोंगराकडच्या वाड्यांत बिबट्याही येतो. त्याला खुराड्यापेक्षा कुत्रा जास्त आवडतो, एवढाच दिलासा.

रोगांत मानमोडीसारखा घातकी दुसरा नाही. पुस्तकी नाव राणीखेत, उत्तराखंडातल्या गावावरून पडलेलं. साधारण उन्हाळ्यात येतो, एका दारावर आला की आठवड्यात वाडी रिकामी करतो. औषध नाही, लस आहे, आणि ती स्वस्त आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात लासोटाचा थेंब, आठ आठवड्यांनंतर पंखाखाली आर-टू-बीचं इंजेक्शन. पुण्यात औंधला सरकारी संस्थेत लस तयार होते. मग कोंबड्या मरतात कशा? कुपीमुळे. एका कुपीत शंभर-दोनशे पक्ष्यांची लस असते, कालवली की दोन तासांत संपवावी लागते, आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. चौदा कोंबड्यांच्या घरासाठी कुणी कुपी फोडत नाही. ऑस्ट्रेलियात पीटर स्प्रॅडब्रो यांनी याच अडचणीवर उपाय म्हणून ऊन सोसणारी आय-टू लस खेड्यांतल्या कोंबड्यांसाठी बनवली आणि आफ्रिकेतल्या मोझांबिक, टांझानियासारख्या देशांत ती गावोगाव वापरली गेली. आपल्याला त्या लशीसाठी थांबण्याची गरज नाही. मालवणात बर्फाला तोटा नाही. वाडीनं एक दिवस ठरवावा, दवाखान्यातल्या पशुधन पर्यवेक्षकांना आधी सांगावं, सगळ्यांनी आदल्या रात्री कोंबड्या डालग्याखाली झाकून ठेवाव्यात. सकाळी सोडल्यानंतर त्यांना धरण्यात दोन तास जातात आणि कुपी वाया जाते.

बाजारातून आणलेला पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवावा, हे प्रत्येक पुस्तकात असतं आणि कुणी करत नाही. निदान शिमग्याच्या आणि मे महिन्याच्या सुमाराला तरी करावं.

कधी उबवायचं, हे बाजार आणि पाऊस मिळून ठरवतात. दसऱ्याच्या आसपास रवण बसवली की पिल्लं पाऊस संपल्यावर, भात कापल्यावर फुटतात. खळ्यात दाणा असतो, ऊन असतं. नर मे महिन्यात भरतात, तेव्हा चाकरमानी घरी आलेले असतात आणि तारकर्ली-देवबागकडच्या खानावळींना गावठी पुरत नाही. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा झाला, त्यानंतर गावठी कोंबडीला जो भाव आला तो आमच्या आजीच्या पिढीनं स्वप्नातही पाहिला नव्हता. दुसरी रवण पौषाच्या अखेरीला, म्हणजे नर आषाढाच्या अमावास्येला, गटारीला तयार. त्यानंतर श्रावण लागतो आणि गिऱ्हाईक नाहीसं होतं. अंडीसुद्धा कुणी विचारत नाही. जूनमध्ये कोंबडी खुडूक झाली तर तिला बसवू नये. ओल्या हवेत पिल्लांना रक्ती हगवण लागते. हवेशीर, जाळीच्या तळाच्या डालग्यात तीन-चार दिवस उजेडात, दाणापाणी देऊन ठेवली की ती उठते. तिला विहिरीच्या पाण्यात बुचकळण्याची जी रीत आहे, तिची काही गरज नाही.

पैशाशिवायचीही मागणी असते. बागायतीच्या राखणदाराला वर्षातून एकदा राखण द्यायची, तिथे गावठी कोंबाच लागतो. बॉयलर घेऊन राखणीला निघालेला माणूस मी पाहिलेला नाही. आणि आचऱ्याची गावपळण सगळ्यांना ठाऊक आहे: काही वर्षांच्या अंतरानं देवाच्या कौलानं तीन दिवस, तीन रात्री गाव ओस पडतं, माणसं गुरं-कुत्र्यांसह वेशीबाहेर राहुट्यांत जातात आणि कोंबड्याही बरोबर नेतात. चिंदर-वायंगणीलाही ही चाल आहे. हजार पक्ष्यांची शेड असलेल्या माणसाला हे कसं जमावं, हा प्रश्न मला नेहमी पडतो. परसातला कळप मात्र दोन डालग्यांत मावतो, आणि वाटेत खुडूक असलेली कोंबडी टोपल्यासकट उचलली तर नव्या जागीही अंडी सोडत नाही.

देशात परसातल्या कोंबड्या कमी होत चालल्यात असं शहरात समजतात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या ८५ कोटी १८ लाख पक्ष्यांपैकी ३१ कोटी ७० लाख परसातले होते, आणि २०१२ च्या तुलनेत ही वाढ ४५ टक्क्यांहून जास्त होती. सरकारनं वाटलेल्या सुधारित पिल्लांचा यात वाटा मोठा असणार. त्यांतली पुढच्या पिढीला किती पोचली, हे गणनेत दिसत नाही. किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा पंचायत समितीत प्रशिक्षणाला जाल तेव्हा जातीची माहिती घ्याच, पण ती पिल्लं कुणाच्या पोटाखाली वाढवणार, हे घरातून ठरवून जा.

पहिली कोंबडी आठवडा बाजारात घेऊ नका. तिथे आलेली कोंबडी बहुतेकदा कुणाला तरी नकोशी झालेली असते, आणि तिचं कारण विकणारा सांगत नाही. शेजारी विचारा: "वयनी, तुमची खंयची कोंबडी खुडूक आसा काय?" असली तर ती विकत मागू नका, अर्धेलीनं मागा. अंडी आणि दाणा तुमचा, कोंबडी त्यांची, पिल्लं निम्मी निम्मी. कोंबडी पिल्लं तोडेपर्यंत तुमच्या दारात राहते, नंतर आपल्या घरी जाते. वाटणीच्या दिवशी मात्र नर कुणाकडे आणि तलंगा कुणाकडे यावरून हमखास कुरबुर होते, कारण तोवर तुरे पुरते उठलेले नसतात आणि जो तो आपल्या डोळ्यावर विश्वास ठेवतो. दोन महिन्यांच्या पिल्लात नर-मादी कशी ओळखायची, ते तिसऱ्या प्रकरणात चित्रांसह दिलं आहे.